महापालिकेचं तक्रार अॅप: आठ महिने वापरून झाल्यावर

2025 च्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण खचलं. त्याच संध्याकाळी मी हे अॅप फोनवर घेतलं. आता फेब्रुवारी उजाडलाय आणि मधल्या काळात 23 तक्रारी टाकून झाल्यात. महापालिका कुठली ते मुद्दाम सांगत नाही.

आधी चांगलं सांगतो. फोटो काढायचा, नकाशावर जागा दाखवायची, विभाग निवडायचा. दोन मिनिटांत टोकन नंबर हातात. कचऱ्याच्या बाबतीत तर पैकीच्या पैकी मार्क. कोपऱ्यावरच्या ढिगाचा फोटो सकाळी टाकला की दुपारी मुकादम गाडी घेऊन हजर. पूर्वी यासाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, त्यावर आवक क्रमांक, आणि "साहेब साइटवर गेलेत" ऐकून घरी.

दोन खात्यांचा संबंध आला की मात्र गाडी रुतते. ते झाकणच घ्या. मी 'रस्ते' निवडलं. दोन दिवसांनी मेसेज, "सदर तक्रार मलनिस्सारण विभागाकडे वर्ग." त्यांनी ती परत पथ विभागाकडे पाठवली, कारण डांबरीकरणात रस्ता वर आला आणि झाकण खाली राहिलं, तेव्हा पातळी त्यांनी जुळवायची. तोवर शेजारच्या काकूंनी त्या खड्ड्यात आंब्याची फांदी रोवून तिला लाल फडकं बांधलं होतं. तिसऱ्या आठवड्यात "तक्रार निकाली" असा मेसेज आला, सोबत फोटो. नवंकोरं झाकण, भोवती ओलं काँक्रीट आणि मागे मेडिकलचं शटर. आमच्या गल्लीत मेडिकल नाही. खाली जाऊन पाहिलं तर फांदी जागच्या जागी होती, फक्त पानं वाळली होती.

माझ्या हिशोबाने 23 पैकी 14 कामं झाली. अॅपच्या हिशोबाने 22.

चिडून एका रात्री महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चाळला. कलम 63 मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत: रस्त्यांवरची दिवाबत्ती, गटारं, कचरा, पाणी. कलम 66 मध्ये मर्जीची कामं. सेल्फी पॉइंट मला दोन्हीकडे दिसला नाही, पण आमच्या चौकात शहराच्या नावाची झगमगती अक्षरं मात्र एकही रात्र विझलेली नाहीत. दाखल्यांचं बरं आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत ठरलेली, मुदत टळली की अपील, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही होऊ शकतो. अॅपमध्ये 'निकाली'विरुद्ध दाद मागायला फक्त तारे द्यायची सोय आहे. एक तारा दिला की "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद."

नगरसेवक असते तर, असं तेव्हा सगळे म्हणायचे. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाच प्रश्न होता. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका झाल्या. आमच्या नव्या नगरसेविकाबाईंनी आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. कोपऱ्यावरचा दिवा नोव्हेंबरपासून बंद होता, अॅपवर तीनदा टाकला होता. ग्रुपवर लिहिलं, "ताई, शाळेजवळचा दिवा बंद आहे, मुली क्लासवरून अंधारात येतात." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिडीची गाडी आली.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण माणसं तीच, गाडी तीच, मग नोव्हेंबरपासून अडलं कुठे? शिवाय त्या ग्रुपमध्ये आमच्या तीन सोसायट्या आहेत. मागच्या चाळीतले भाडेकरू नाहीत, त्यांचं मतदान गावाकडे. त्यांच्या बोळातला दिवाही बंद आहे, आणि तो लावायला कुणाच्या ओळखीची गरज पडू नये, एवढंच माझं महापालिकेकडे मागणं आहे. नगरसेविकाबाईंनी रोज दिवे लावत बसण्यापेक्षा सभागृहात विचारावं की 'निकाली' ठरवतो कोण. आज काम करणारा कर्मचारीच ते ठरवतो. तक्रारदाराच्या फोनवर ओटीपी पाठवा, त्याने दिल्याशिवाय तक्रार बंद नाही, इतकं सोपं आहे. गॅस सिलिंडर आम्ही असाच घेतो.

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन मुकादमांचे.

बोळातल्या दिव्याची तक्रार मी माझ्या फोनवरून टाकलीय. काल मेसेज आला: "खांब क्रमांक नमूद करावा." टॉर्च घेऊन गेलो. खांबावर तीन थरांत निवडणुकीची पोस्टरं आहेत, नंबर त्यांच्या खाली असणार. आज पाण्याची बादली घेऊन जातोय.