आधी 'किल्ला' लिहून बघा: गोडो, युनिटी की अनरिअल?

कर्वेनगरच्या दोन खोल्यांत तिघं जण, त्यातला एक दिवसा नोकरी करणारा, आणि आठ जीबी रॅमचे लॅपटॉप. गेम बनवायला घेतला की गोडो, युनिटी आणि अनरिअल ही तीन गेम इंजिनं, म्हणजे गेमचा पाया तयार देणारी सॉफ्टवेअर, समोर येतात. टीम अशी असेल तर अनरिअलचा विषय लवकर मिटतो. देखणं आहेच. ब्लूप्रिंटमुळे, म्हणजे चौकटी जोडून प्रोग्राम मांडायच्या सोयीमुळे, सी प्लस प्लस न लिहिताही बरंच जमतं, आणि एका गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या वर गेली तरच 5 टक्के रॉयल्टी. पण शेडर (पडद्यावरचे रंग-सावल्या ठरवणारे छोटे प्रोग्राम) कम्पाइल होईस्तोवर कोपऱ्यावरून चहा पिऊन येता येतं. टूडी कोड्यांच्या गेमसाठी हा हत्ती कशाला पोसायचा?

खरी चुरस उरलेल्या दोघांत. युनिटीत सी शार्प. ते येणारी मुलं पुण्यात शोधावी लागत नाहीत. अ‍ॅसेट स्टोअर (तयार चित्रं, आवाज वगैरे मिळणारं दुकान), ट्यूटोरियल, मोबाइलवरच्या जाहिराती, सगळं हाताशी. गोडोत जाहिरातींसाठी बाहेरचं प्लगइन जोडावं लागतं, आणि कन्सोलवर जायचं तर मधली कंपनी गाठावी लागते. उलट त्याचं डाउनलोड दोनशे एमबीच्याही आत, आणि त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पोरांना दोन दिवसांत हात बसतो.

पैशाचं म्हणाल, तर युनिटी पर्सनल वर्षाला 2 लाख डॉलरच्या उलाढालीपर्यंत फुकट आहे. आपली काळजी तिथेच संपते. मात्र सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे फी जाहीर केली होती. ओरड झाली, वर्षभराने मागे घेतली. घरमालकाने एकदा भाडं वाढवायचं काढलं की भाडेकरू कागदपत्रं नीट वाचायला लागतो. गोडो एमआयटी परवान्याखाली, म्हणजे फुकट आणि मुक्त वापराच्या अटींवर आहे; घेतलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही.

आता आपल्या खास अडचणीकडे. युनिटीत पडद्यावर मजकूर दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो अक्षरं साठवलेल्या क्रमानेच मांडतं. त्यामुळे 'किल्ला'ची पहिली वेलांटी 'क'च्या नंतर येते आणि 'ल्ल'चा पाय मोडतो. यावर तोडगे आहेत, पण प्रत्येक लेबलमागे ती कटकट. गोडो 4 मध्ये हार्फबझ, म्हणजे अक्षरं लिपीच्या नियमांप्रमाणे जुळवणारी लायब्ररी, आतच आहे. मुक्ता फाँट टाकला की जोडाक्षरं जुळतात. अनरिअललाही हे जमतं, पण त्याचं वर झालंच.

म्हणून गेमात मराठी मजकूर असेल तर मी गोडो घेईन. शब्दच नसलेला, जाहिरातींवर चालणारा रनर (नुसतं पळत राहायचा गेम) असेल तर युनिटी. तपासताना 'किल्ला'बरोबर 'श्री' आणि 'कर्वे'ही टाका. रफार चुकला तर लगेच डोळ्यांत खुपतो.