सुपारीनं आखडलेलं तोंड आणि हायलुरोनिडेजच्या सुया : काही महिन्यांनंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. सुपारीनं आखडलेल्या गालात सुया सुरू करताना माझं तोंड वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत २१ मिलिमीटर उघडत होतं, आता ३० च्या आसपास उघडतं. शेंगाचटणी पुन्हा ताटात आली आहे. पण गाल पूर्वीसारखा मऊ झालेला नाही, आणि डॉक्टरांनी तसं कधी कबूलही केलं नव्हतं. एवढं पटत असेल तर पुढचं वाचा.

आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस, दवाखान्यात सगळे ओएसएमएफ म्हणतात. सोलापुरात हा काही नवलाचा आजार नाही. यंत्रमागाची रात्रपाळी, बाहेर टपरी आणि गालात काहीतरी धरलेलं, हे इथलं नेहमीचंच. राज्यात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली, पण सुपारी कुठंही मिळते, आणि ह्या आजाराचं मुख्य कारण तीच आहे, तंबाखू नव्हे. मी तंबाखूला कधी हात लावला नाही. माझ्या खिशात असायची ती गोड सुपारी, लग्नकार्यात पाहुण्यांपुढं ठेवतात तसलीच. तिच्यातल्या अरेकोलीन ह्या रसायनामुळं गालाच्या अस्तराखालच्या पेशी गरजेपेक्षा जास्त कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे चिवट धागे, बनवत राहतात. सुपारीत तांबंही असतं, त्यामुळं हे कोलॅजन एकमेकांत आणखी घट्ट गुंततं आणि शरीराला ते मोडता येत नाही. माग बिघडून एकाच जागी धागा भरत जावा, तसं. मग गालात बोटाला लागतील असे टणक पट्टे तयार होतात.

आधी नुसतं तिखट झोंबायचं. घरचे म्हणायचे, पित्त झालंय. पुढं पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, फोडून खायला लागलो, तेव्हा मित्र हसला, "का बे, लहान पोरासारखं काय खातोस?" तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घालून बघा. सहज जात असतील तर बरं. माझी दोनसुद्धा अडत होती.

सुईआधी डॉक्टरांनी गालाचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. हा आजार कर्करोगाकडं वळू शकतो, आणि तशी शंका असलेल्या जागी हे इंजेक्शन देत नाहीत. एका ठिकाणी मात्र तपासणीबिपासणी काही नाही, थेट पॅकेजचा आकडा आणि "महिन्यात तोंड मोकळं" अशी हमी. तिथून मी तसाच उठलो.

औषध म्हणजे हायलुरोनिडेज हे एन्झाइम, ठरावीक पदार्थ तोडणारं प्रथिन. ते कुपीत कोरडी भुकटी म्हणून येतं, १५०० युनिटची कुपी. ती डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉइडमध्ये आणि भुलीच्या औषधात विरघळवून, दोन्ही गालांत पट्ट्यांच्या बाजूनं थोडी थोडी टोचतात. मला आठवड्याला एकदा, असं दोनेक महिने चाललं. दुखतं का? हो, चांगलंच. टोचण्याचं एवढं काही नाही, पण टणक झालेल्या गालात औषध शिरताना जो दाब येतो तो डोळ्यांत पाणी आणतो. मग भूल चढते. संध्याकाळपर्यंत गाल सुजलेला राहायचा, त्या रात्री दहीभातावर भागवायचो. कडक भाकरीचं नाव नको.

हे एन्झाइम काय करतं ह्याबद्दल लोकांत गोंधळ आहे. हायलुरोनिडेज कोलॅजन कापत नाही. धाग्यांच्या मध्ये हायलुरोनिक आम्लाचा चिकट थर असतो, तो ते पातळ करतं, म्हणजे गाल जरा सैल पडतो आणि सोबतचं स्टेरॉइड आत दूरवर पसरतं. औषध पसरवणारा हा घटक ड्युरान-रेनाल्स यांनी १९२८ मध्ये दाखवून दिला होता. कोलॅजनच तोडणारं एन्झाइम वेगळं, कोलॅजनेज. हाताची बोटं तळव्याकडं वळून अडकतात त्या ड्युप्युट्रेन आजारासाठी अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मंजुरी मिळाली. आमचे मेहुणे मोबाइलवर ते वाचून "तसलं घे की" म्हणत होते. गालासाठी ते नाही.

सैलपणा टिकत नाही, हा ह्या सुईचा खरा तोटा. तो टिकवायचं काम आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं. दाढांमध्ये काड्यांची चवड धरायची, तोंड तसंच ताणून ठेवायचं, सवय झाली की आणखी एक काडी सरकवायची. दिवसातून चार-पाच वेळा. कंटाळवाणं काम आहे, लाळ गळते, पोरं हसतात. पण माझ्याबरोबर सुया घेणारे एक टेम्पोवाले काका होते. काड्या त्यांनी हातात धरल्या नाहीत, सुपारीही चालूच. सुया चालू होत्या तोवर त्यांचं माप वाढलं, थांबल्यावर महिनाभरात पुन्हा पहिल्या आकड्यावर. म्हणून माझं मत असं की पैसे सुईला मोजा, पण भरवसा काड्यांवर ठेवा.

आणखी काही गोष्टी. मधुमेह असेल तर आधी सांगा, डेक्सामेथासोननं साखर वाढते. हायलुरोनिडेज बहुधा मेंढीच्या किंवा बैलाच्या वृषणातून काढलेलं असतं, त्यामुळं ॲलर्जीचा इतिहास विचारतात. मला आधी थोडं टोचून, काही त्रास होतो का ते बघायला थांबवलं होतं. कट्टर शाकाहारी असाल तर हेही विचारून घ्या, नंतर मनाला लागायला नको. लायकोपीनच्या (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) गोळ्या सोबत दिल्या होत्या, त्यांनी काही झालं की नाही मला सांगता येणार नाही. जळजळ मात्र सगळ्यात आधी कमी झाली, तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी, आणि जेवणाच्या दृष्टीनं मला तेच मोठं वाटलं.

तोंड अगदीच मिटलेलं असेल तर पट्टे कापण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतो, तो माझा अनुभव नाही. सुया थांबल्या तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. माप घेतात, आणि पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते बघतात. तोंड जास्त उघडायला लागलं म्हणून कर्करोगाची शक्यता गेली असं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.