होडीत फोम: ओतायचा की कापून बसवायचा?

नाशिकजवळच्या गंगापूर, दारणा किंवा मुकणे धरणाच्या पाण्यात चालणारी १२-१४ फुटी फायबरची होडी पाण्याने भरली की तळ गाठते. फायबर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड, त्यात मागे इंजिन. भरली तरी ती तरंगत राहावी यासाठी पर्याय मुख्यतः दोन: ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि कापून बसवायचं एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) शीट. बंद जेरीकॅन हा तिसरा, आणि तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी हिशेब. १५० किलोच्या फायबरचं पाण्यातलं वजन सुमारे ५० किलो. ४० किलोचं इंजिन ३० धरा, नांगर आणि जाळ्याची शिसं १५ (नायलॉनचं जाळं स्वतः पाण्यात जवळजवळ बिनवजनी). काठ धरून तरंगणारी तीन माणसं प्रत्येकी २० प्रमाणे ६०. झाले १५५. वर पाव भाग जास्तीचा धरला की साधारण २०० लिटर फोम, कारण एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो.

पीयूसाठी घनमीटरला ३२ किलो घनतेचं, दोन डब्यांचं मटेरियल सांडलवंड धरून ८ किलो लागेल. वेड्यावाकड्या पोकळीत तो छान भरतो, फायबरला चिकटतो, तळ कडक करतो. पण मिसळल्यावर अर्ध्या-एक मिनिटात फुगायला लागतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवायचा. एकदम भरपूर ओतला तर आत उष्णता कोंडते, फोम करपतो, कधी पेटतोही. हवा जायला भोकं ठेवली नाहीत तर फळी फुगवून उचलतो. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी डबे गार असतात. तेव्हा फोम कमी फुगतो आणि भारी होतो. पोकळी ओली असेल तर फोमच्या पेशी (आतले बुडबुडे) मोठ्या, ठिसूळ होतात. हातमोजे, चष्मा आणि रासायनिक वाफेचा मास्क हवाच. साधा रुमाल चालत नाही.

खरी अडचण नंतरची. तळ चिरला की पाणी फोमच्या कडेने आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. वर्षानुवर्षं ओला राहिलेला फोम पाणी धरतो, होडी उगाच जड होते, आणि काढायचा तर खरवडून.

एक्सपीएसचं १२५० × ६०० × ५० मिमीचं शीट ३७.५ लिटरचं, म्हणजे सहा शीट पुरतात, वजन सात किलोच्या आसपास. बारीक दातांच्या करवतीने कापायचं, बाकाखाली पट्ट्यांनी आवळायचं, दरवर्षी सोडून बघायचं. तळापासून बोटभर अंतर सोडलं की पाणी वाहून जातं. शत्रू दोन: पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन. दोन्ही त्याला विरघळवतात, म्हणून वर फायबर चढवायचं असेल तर इपॉक्सीच वापरा. पॅकिंगचं पांढरं थर्माकोल मात्र नको. ते दाण्यांमधून पाणी पितं.

२० लिटरचे दहा कॅन सगळ्यात स्वस्त. झाकणं गळतात, उन्हात कॅन फुगतात, आणि गोल कडांमुळे जागा वाया जाते. वल्ह्याच्या होडीला ठीक. इंजिनाच्या होडीत पायात येतात.

आमचा कौल जुन्या होडीला एक्सपीएस. नवी, दुहेरी तळाची होडी बांधताना, कारागीर अनुभवी असेल तरच पीयू.

काहीही निवडा, पण सगळा फोम तळाला कोंबू नका. भरलेली होडी मग उलटते आणि उलटीच स्थिर राहते. जास्त भाग दोन्ही काठांलगत, बाकाखाली जितका वर जाईल तितका, आणि इंजिनाचं वजन पेलायला मागच्या कोपऱ्यांत थोडा अधिक.

तपासणी कंबरभर पाण्यात, किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून. इंजिन उतरवा आणि ते बसतं त्या मागच्या फळीला ३५ किलो लोखंडी वजन बांधा. वाळूची पोती नकोत, वाळू पाण्यात बरीच हलकी पडते. होडी काठोकाठ भरा आणि एका बाजूला दोघांनी काठ दाबून बघा. मागची बाजू खाली गेली तर पुढचं एक शीट मागे सरकवा. कलंडायला लागली तर खालचा फोम काठाकडे वर न्या आणि पुन्हा भरून बघा.