ई-चलनाचे संकेतस्थळ: दंड भरायला फर्मास, अपघाताच्या दाव्याला अर्धेकच्चे

केंद्रीय परिवहन मंत्रालयाचे ई-चलन संकेतस्थळ दंड भरून घेण्यासाठी आहे आणि ते काम ते नीट करते. पण गोव्यात अपघात झाला की लोक हेच पान वेगळ्याच चिंतेने उघडतात. आपल्या नावावर चलन पडले असेल तर भरपाई बुडाली का? आणि समोरच्यावर पडले असेल तर दावा जिंकला का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. पण त्या पानावर ते कुठेच मिळत नाही.

चलन शोधायला तीन वाटा आहेत: चलन क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि लायसन्सचा क्रमांक. गाडीच्या क्रमांकाने गेलात तर चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, म्हणून आरसी जवळ ठेवा. पुढे ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तो क्रमांक जुना असेल तर शोध तिथेच अडतो. त्यामुळे धडक देणाऱ्याचे चलन तुम्हाला घरबसल्या दिसत नाही, ते तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून मागावे लागते. समोरच्या गाडीचा विमा कधीपर्यंत आहे, एवढे मात्र एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कळते. हे पहिल्याच दिवशी पाहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. विमा संपलेला असेल तर सगळी वसुली मालकाच्या खिशातून करायची वेळ येते.

चलन उघडले की रकमेकडे नंतर बघा. आधी वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो तपासा. समजा, बांबोळीच्या उतारावर १२ वाजून १० मिनिटांनी धडक झाली आणि चलन ११ वाजून ४० मिनिटांचे आहे, कुठ्ठाळीला सीटबेल्ट नसल्याचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण विमा कंपनीचा वकील उलटतपासात ते पान पुढे सरकवणारच, तेव्हा उत्तर तयार हवे. कॅमेऱ्याने धरलेल्या चलनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलेले हवे, आणि चलन निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची असते, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-अ सांगतो. फोटोच जोडलेला नसेल तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

आता मुद्द्याचे. भरपाईचा दावा ऐकणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चलनाची रक्कम पाहत नाही. त्या चुकीमुळे धडक झाली का, किंवा इजा वाढली का, एवढेच पाहते. हेल्मेट नव्हते म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड खाली १,००० रुपयांचे चलन आहे आणि मोडले आहे नडगीचे हाड, तर डोक्यावर काय होते याला अर्थ नाही. डोक्याला मार असेल तर तेच चलन जड जाते. म्हणून गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कागदांत इजा नेमकी कुठे लिहिली आहे, ते डिस्चार्ज घेतानाच वाचून घ्या. स्कूटरवर तिघे होते म्हणून आपोआप दोष लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. जखमीकडे लायसन्स नव्हते, एवढ्यावरूनही त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. अतिवेगाचे किंवा धोकादायक चालवण्याचे चलन (कलम १८३, १८४) अपघाताच्याच जागेचे आणि वेळेचे असेल, तर मात्र तुमचा दोष टक्क्यांत ठरतो. भरपाई ८ लाख ठरली आणि दोष २५ टक्के धरला, तर हाती ६ लाख येतात. मागे बसलेल्याच्या रकमेतून चालवणाऱ्याचा दोष कापत नाहीत. तो दोन्हींपैकी कुठल्याही गाडीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

'चलन भरले म्हणजे गुन्हा कबूल केला' ही समजूत अर्धी खरी आहे. कलम २०० खाली तडजोडीने दंड भरला की ते प्रकरण तिथेच मिटते, ती शिक्षा नव्हे. तरी अपघाताच्याच प्रसंगाचे चलन असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय 'पे नाऊ' दाबू नका. पोर्टल असा इशारा देत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. दारू पिऊन चालवण्याचे कलम १८५ तडजोडीत बसत नाही, ते कोर्टातच जाते.

गोव्यात आणखी एक गुंता आहे: काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची रेंट-अ-बाईक. कॅमेऱ्याचे चलन मालकाच्या नावावर पडते, हँडलवर असतो पर्यटक. भाड्याची पावती, लायसन्सची प्रत आणि गाडी दिल्या-घेतल्याची वेळ ठेवली नाही, तर कोण चालवत होते हे ठरवण्यातच दाव्याचे महिने जातात.

खरा पुरावा या पोर्टलवर नाहीच. तो पंचनामा, जागेचा नकाशा, गाड्यांवरच्या खुणा आणि सीसीटीव्ही यांत आहे. फुटेज काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. जखमीने आपल्या माहितीचा फॉर्म, म्हणजे नमुना ६, हा ६० दिवसांत भरून द्यायचा. चलनाची प्रत त्यालाच जोडा, स्वतःच्या विरुद्ध जाणारी असली तरी. लपवलेले चलन उलटतपासात निघाले की बाकीच्या साक्षीवरचाही भरवसा उडतो. कलम १६६ खालच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

दंड भरण्यासाठी ५ पैकी ४, दाव्यासाठी ५ पैकी २. चलनाच्या पानावर एफआयआर क्रमांकाची एक ओळ आली, तर ३ द्यायला हरकत नाही.