बाल्डर्स गेट एन्हान्स्ड एडिशन : काही महिने खेळून झाल्यावर

पावसाळ्यात सेलमध्ये घेतली, रोज रात्री थोडी थोडी खेळत परवा संपवली. मूळ रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेम 1998 चा, पाच सीडींचा. बीमडॉग या कंपनीने काढलेली ही सुधारित आवृत्ती 2012 ची.

घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. यातली चित्रं जुनीच आहेत. जंगलं, सराया, खाणी हे सगळं तेव्हा थ्रीडीत बनवून त्याची सपाट चित्रं काढली होती, तीही 640 बाय 480 च्या स्क्रीनसाठी. त्या मूळ थ्रीडी फायलीच पुढे हरवल्या. त्यामुळे नव्याने रेंडर करायला बीमडॉगच्या हातात काहीच नव्हतं. आहे तेच मोठं करून दाखवलंय. झूम केलं की गेम जिथे सुरू होतो त्या कॅंडलकीप किल्ल्याच्या भिंती पुसट होतात. मी झूम करणं सोडूनच दिलं, लांबून ते अजूनही देखणं दिसतं. आइसविंड डेल 2 या अशाच दुसऱ्या जुन्या गेमची गत याहून वाईट. त्याचा सोर्स कोडच सापडला नाही, म्हणून बीमडॉगकडून त्याची अशी आवृत्ती निघालीच नाही.

खरं काम झालंय ते पोटात. हा पहिला भाग इथे दुसऱ्या भागाच्या, म्हणजे बाल्डर्स गेट 2 च्या, सुधारित इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालतो. मोठी स्क्रीन, टॅब दाबला की उजळणारे दरवाजे आणि पेट्या, या सोयींची इतकी सवय होते की त्या आहेत हेच विसरायला होतं. पण त्याच इंजिनाबरोबर सॉर्सरर (जादूगार), मंक (हातघाईचा लढवय्या), केनसाई (शस्त्रनिपुण योद्धा) असले क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकारही पहिल्या भागात शिरले. लढाया मात्र हे क्लास नसताना रचलेल्या. त्यामुळे उत्तरार्धात माझ्या केनसाईपुढे बरेच जण दोन फटक्यांत आडवे होत होते.

सुरुवातीला मात्र अजिबात दयामाया नाही. फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मारेकरी जादूगार उभा असतो. गोड बोलून चौकशी करतो, मिरर इमेज (स्वतःची प्रतिरूपं उभी करणारा मंत्र) टाकतो आणि मग हॉरर (घाबरवणारा मंत्र). अख्खी पार्टी, म्हणजे आपली टोळी, घाबरून सैरावैरा पळते आणि आपला पहिल्या लेव्हलचा मेज (जादूगार) त्याच्या मॅजिक मिसाइल मंत्राच्या एकाच फटक्यात गार. हे सोपं केलं असतं तर जुने खेळाडू चिडले असते, आणि जसंच्या तसं ठेवलं तर नवा माणूस तिथेच गेम उडवून टाकतो. पुढे एका पॅचमध्ये (अपडेटमध्ये) स्टोरी मोड आला, त्यात तुमचं कुणी मरतच नाही. तोडगा ठीक आहे, पण मग टार्नेशची भीतीच उरत नाही. ‘थॅको’चं उलटं गणित, म्हणजे आकडा जितका कमी तितका नेम चांगला, तेही तसंच ठेवलंय. ते मला पटलं. नियम बदलले तर तो वेगळाच गेम होईल.

खटकली ती नवी पात्रं. मूळ भागात इमोन, जाहीरा वगैरे सोबती मंडळी पार्टीत आल्यावर मोजकंच बोलतात. इथे बेरेगोस्ट गावात नीरा ही नवी जादूगार भेटते, मागोमाग तिच्या मागावरचे रेड विझर्ड्स (दुष्ट जादूगार) येतात, आणि मग बाई बोलायच्या थांबतच नाहीत. लिखाण वाईट नाही, पण बाकीचे एकदम मुके वाटायला लागतात.

फोनवर घेऊ नका, सहा जणांना बोटाने हलवताना जीव जातो. टॅबलेटवर चालेल. लॅपटॉपवर घेतलीत तर सेटिंगमध्ये जाऊन पात्रांभोवतीची काळी आउटलाइन आधी बंद करा. माझा केनसाई तोच सेव्ह घेऊन दुसऱ्या भागात गेलाय.