हरवलेल्या लेकरासाठी १०९८: सेवा कितपत कामाची?

१०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन. फोन फुकट, चोवीस तास. इथवर सेवा चोख. नांदेड-परभणीच्या फलाटावर लेकरू सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करावं लागतं. घोडं अडतं पत्त्यावर. बीडचं ऊसतोड कुटुंब कारखान्यावर, आधारवर गावाचा पत्ता, मोबाईल नंबर बदललेला. मग घर सापडणार कसं?

लेकराचा ताबा घ्यायला समितीकडे जाताना आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, जुना फोटो अन् पोलीस तक्रारीची प्रत न्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचे सोडू नका.

आणि हो, वर्षांनी भेटलेलं पोर लगेच आईला बिलगेलच असं नाही. समुपदेशन टाळू नका. मायबापाचा जीव थाऱ्यावर येतो तो तिथंच. नंतरच्या पाठपुराव्यात मात्र सेवा ढिली, भेटीची तारीख स्वतःच मागून घ्या.