पलुस्करांची यादी आणि एक्स्पोर्टिफाय

नाशिकमध्ये १९२१ साली जन्मलेले शास्त्रीय गायक पंडित डी. व्ही. पलुस्कर यांच्या ध्वनिमुद्रणांची यादी मी गेली काही वर्षे स्पॉटिफायवर हळूहळू जमवत आलो आहे. पंचवटीत आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ मंडळी गाणे ऐकायला जमतात आणि त्या दिवशी काय ऐकायचे ते या यादीवरूनच ठरते. यापूर्वी अशीच एक यादी मी दुसऱ्या एका संगीतसेवेवर केली होती. ती सेवा बंद पडली आणि यादीही गेली. गाणी पुन्हा शोधता येतात, पण कशामागून काय ऐकावे हे ठरवायला पुन्हा तितक्याच संध्याकाळी खर्ची पडतात. म्हणून या वेळी यादी स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यायची असे ठरवले आणि त्यासाठी एक्स्पोर्टिफाय हे मोफत साधन वापरले.

ते ब्राउझरमध्येच चालते. स्पॉटिफायच्याच पानावर लॉगिन करून याद्या वाचण्याची परवानगी दिली की आपल्या सर्व याद्या समोर येतात, प्रत्येकीपुढे बटण असते आणि ते दाबले की सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलसारख्या साधनात उघडणारा साधा तक्ता, मिळते. गाण्यांचा आवाज त्यात येत नाही, केवळ नोंदी येतात, हे आधीच लक्षात घ्यावे. काम झाल्यावर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी मी काढून घेतली.

या फाइलचे खरे मोल मला कालावधीच्या रकान्यात दिसले. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावणारे सुमारे साडेतीन मिनिटांचे गायन आणि पुढे लाँगप्ले तबकडीवर आलेले त्याच रागाचे विस्तृत गायन यांची शीर्षके पुष्कळदा सारखीच असतात. त्यात गायकाचे नाव एका अल्बमवर आद्याक्षरांनी, दुसऱ्यावर पूर्ण, तर तिसऱ्यावर ‘पंडित’ जोडून छापलेले असते. अशा वेळी नावावरून नोंद ओळखू पाहणारा फसतोच. कालावधी मात्र चुकवत नाही. तो मिलिसेकंदांत असतो, म्हणजे २,००,००० हा आकडा दिसला तर ते ३ मिनिटे २० सेकंदांचे मुद्रण आहे असे समजावे. गाणे यादीत घातल्याची वेळही मिळते, पण ती जागतिक प्रमाणवेळेत असते. पहाटे चार वाजता घातलेल्या गाण्यापुढे आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीचे साडेदहा दिसतात, तेव्हा साडेपाच तास मिळवूनच वाचावे.

देवनागरी शीर्षकांनी मात्र मला चांगलेच घाबरवले. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली, तर मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहिली. शेजारच्या मुलीला बोलावले. तिने पाहिले आणि म्हणाली, “काका, फाइल बिघडलेली नाही, उघडायची पद्धत चुकते आहे.” तिने एक्सेलमध्ये कोरी वही (वर्कबुक) उघडली, डेटा या विभागातून फाइल आत घेतली, भाषासंकेत म्हणून ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडला आणि सगळी नावे जशीच्या तशी आली. लिब्रेऑफिस हे एक्सेलसारखेच मोफत साधन कोणता भाषासंकेत घ्यायचा हे फाइल उघडतानाच विचारते, म्हणून ज्येष्ठांना मी तेच सुचवीन.

स्पॉटिफायकडूनही आपल्या खात्याची माहिती मागवता येते. तीत याद्या असतात, पण त्या जेसन या, तक्त्यासारख्या न दिसणाऱ्या मजकुराच्या स्वरूपात येतात, माहिती हाती यायला पाच दिवसांपर्यंत लागू शकतात आणि मुख्य म्हणजे गाण्याचा कालावधी त्यात नसतो. संग्रही ठेवायला ती चांगली आहे. आमच्या गुरुवारच्या कामाला ती पुरत नाही.

एक उणीव राहते. याद्या मी फोल्डरमध्ये लावल्या होत्या, सकाळचे राग एकीकडे आणि भजने दुसरीकडे, आणि ती रचना बाहेर येत नाही, कारण बाहेरच्या साधनांना स्पॉटिफाय फोल्डर दाखवतच नाही. त्यामुळे आता प्रत्येक यादीच्या नावाआधीच ‘सकाळ-०१’, ‘भजन-०३’ असे लिहितो. उतरवलेल्या फाइली संगणकावर आपोआप त्याच क्रमाने लागतात. दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, मंडळी निघून गेल्यावर, मी नवी प्रत उतरवून घेतो आणि पेनड्राइव्हवर ठेवतो.